सेवायात्रा : पाहुणे म्हणून जाणे, विद्यार्थी म्हणून राहणे

(युवा अभ्यासवर्गासाठी पाठ)

परीक्षा संपत आल्या की आपल्या युवा मंडळांत एक विषय हमखास निघतो. "यंदा सुट्टीत सेवेसाठी कुठेतरी दूर जाऊ या." कोणी ईशान्य भारताचे नाव घेते, कोणी गडचिरोलीचे, कोणी ओडिशातल्या डोंगरी भागाचे. घरची मंडळी विचारतात, राहणार कुठे, खाणार काय, सोबत मोठे कोण. हे सगळे प्रश्न योग्यच आहेत. पण त्यांच्याही आधी विचारायचा एक प्रश्न बहुधा राहून जातो. ज्या गावी आपण जाणार, त्या गावाने आपल्याला बोलावले आहे का?

हा प्रश्न विचारला की उत्साह थोडा ओसरतो, आणि ते बरेच असते. उरलेल्या उत्साहात विचार करायला जागा होते. म्हणून हा पाठ वाचताना नकाशा आणि रेल्वेचे वेळापत्रक जरा बाजूला ठेवावे.

यात्रेकरू काय घेऊन यायचा

आपल्या परंपरेत यात्रा म्हणजे केवळ देवदर्शन नव्हते. पायी चालणारा माणूस रोज संध्याकाळी कोणाच्या तरी अंगणात उतरायचा. त्यांची भाषा ऐकायचा, त्यांच्या चुलीवरचे खायचा, त्यांच्या भजनात मागे बसायचा. संत नामदेव महाराष्ट्रातून निघाले आणि पंजाबात घुमान येथे राहिले. तिथल्या लोकांनी त्यांना इतके आपले मानले की त्यांची 61 पदे गुरु ग्रंथ साहिबात आहेत. नामदेवांनी तिथे मराठी अभंगांचा वर्ग काढला नाही, ते तिथल्या लोकांच्या बोलीत गाऊ लागले. आपल्या विषयाच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

आसामात श्रीमंत शंकरदेव (1449–1568) यांचे चरित्र पाहा. तरुण वयातच ते काही सोबत्यांसह तीर्थयात्रेला निघाले आणि सुमारे 12 वर्षे उत्तर भारत, जगन्नाथपुरी असे फिरत राहिले. परतल्यावर त्यांनी आसामी समाजाला नामघर दिले, बोरगीते दिली, अंकिया नाट दिले. बाहेर पाहिलेले त्यांनी जसेच्या तसे आणून ठेवले नाही. गावच्या लोकांना समजेल अशा भाषेत, त्यांच्या वाद्यांवर, त्यांच्या बांबूच्या मंडपात ते नव्याने उभे केले. यात्रेने त्यांना आधी शिष्य केले आणि मग गुरू.

रस्त्यात थांबलेला संन्यासी

1897 साली बंगालमध्ये दुष्काळ होता. श्रीरामकृष्णांचे शिष्य स्वामी अखंडानंद गंगेच्या काठाने मुर्शिदाबाद जिल्ह्यातून पायी चालले होते. वाटेत एक गरीब मुसलमान मुलगी रडताना दिसली. तिची पाण्याची घागर फुटली होती, घरी दुसरे भांडे नव्हते आणि आई मारेल अशी भीती होती. स्वामीजींनी तिला एका पैशाची नवी घागर घेऊन दिली आणि थोडे पोहे दिले. तेवढ्यात आणखी दहा-बारा भुकेली मुले भोवती जमली. जवळ होते ते संपले. पुढे पाऊल टाकावे तर पाय उचलेना.

ते तिथेच राहिले. महुला गावी मदतकार्य सुरू झाले, मठातून दोन सहकारी थोडे पैसे घेऊन आले, आणि रामकृष्ण मिशनच्या संघटित सेवाकार्यांतले ते पहिले ठरले. मिशनची स्थापना त्याच महिन्यात, 1 मे 1897 रोजी झाली होती.

ही कथा सांगताना आपण सहसा करुणेवर भर देतो. तो योग्यच आहे. पण अभ्यासासाठी तिच्यातला क्रमही पाहावा. अखंडानंदांनी सेवेचा कार्यक्रम आखून गाव निवडले नव्हते. आधी ते चालत होते, मग त्यांना दिसले, मग ते थांबले, मग त्यांनी मदत मागवली. आपल्या बहुतेक सेवायात्रांत क्रम उलटा असतो. आधी फलक छापला जातो, मग साहित्य खरेदी होते, मग गाव शोधले जाते, आणि गावाची गरज शेवटी त्या साहित्याच्या मापाने ठरते.

दोन वर्षांनी, 1899 मध्ये, कलकत्त्यात प्लेगची साथ आली. मिशनच्या वतीने भगिनी निवेदिता आणि स्वामी सदानंद यांनी वस्त्यांच्या सफाईचे काम हाती घेतले. एप्रिलमध्ये निवेदितांनी 'प्लेग आणि विद्यार्थ्यांचे कर्तव्य' या विषयावर भाषण केले. अध्यक्षस्थानी स्वामी विवेकानंद होते. त्यानंतर सुमारे 15 विद्यार्थ्यांनी नावे दिली. एवढ्या मोठ्या शहरात पंधरा जण! पण ते दर रविवारी एकत्र बसत, आठवडाभराचे काम सांगत, पुढच्या आठवड्याच्या सूचना घेत. स्वच्छतेचे शास्त्रही शिकत. काम आणि अभ्यास एकाच आसनावर बसलेले इथे दिसतात. निवेदिता स्वतः हातात झाडू घेऊन गल्लीत उतरल्या आणि ते पाहून वस्तीतल्या तरुणांनी लाजून झाडू हातात घेतले, ही हकीकत आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेली असेल. आयर्लंडमध्ये जन्मलेली ही स्त्री बागबाजारच्या त्या गल्लीत घर करून राहत होती, म्हणून तिच्या झाडूला तो अर्थ आला. आठ दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याने झाडू घेतला असता तर कदाचित लोक कडेला उभे राहून नुसते पाहत बसले असते.

उन्हातली छावणी

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत जुने आणि सातत्याचे उदाहरण म्हणजे बाबा आमटे यांनी सोमनाथ येथे सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात सोमनाथचा शेती प्रकल्प आहे. कुष्ठरोगातून बरे झालेल्या माणसांनी तिथली जमीन घडवली. 1967 पासून मे महिन्यात देशभरातले तरुण तिथे जमू लागले. मे महिन्यातला चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने अनुभवला आहे त्याला अधिक सांगायला नको. सकाळी श्रमदान, नंतर व्याख्याने आणि चर्चा, संध्याकाळी गाणी, असा साधारण क्रम.

सोमनाथची खरी किमया वेळापत्रकात नाही. समाजाने ज्यांना घराबाहेर काढले ती माणसे तिथे यजमान असतात. डॉक्टर-इंजिनिअर होऊ घातलेली मुले त्यांच्या शेतात कुदळ चालवतात, आणि कुदळ कशी धरायची हे ज्यांच्या हातांची बोटे झडली आहेत ते शिकवतात. देणारा कोण आणि घेणारा कोण, हा हिशेब तिथे पहिल्याच सकाळी उलटा होतो. पुढे 1985 साली बाबांनी कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत 'भारत जोडो' सायकलयात्रा काढली तेव्हा त्यांच्या सोबतचे बहुतेक सगळे पस्तिशीच्या आतले होते. बाबांचे वय सत्तरीच्या पुढे गेलेले आणि पाठीच्या विकाराने त्यांना बसता येत नव्हते.

सेवायात्रेसाठी गाव निवडताना सोमनाथचा हा एक धडा घ्यावा. जिथे काम आधीपासून चालू आहे, जिथे बाराही महिने राहणारे कोणी आहे, तिथे जावे. आपल्या आठ दिवसांना त्यांच्या तीस वर्षांत जागा मिळू शकते. मोकळ्या माळावर आठ दिवस नुसते उडून जातात.

माजुली : एक गाव समजून घेणे

आता एका ठिकाणाचा थोडा विस्ताराने अभ्यास करू. ब्रह्मपुत्रेतील माजुली हे बेट अनेक मंडळांच्या यादीत असते. 2016 मध्ये ते स्वतंत्र जिल्हा झाले. जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून फेरीबोटीने नदी ओलांडून कमलाबाडी घाटावर उतरावे लागते. बोटीत माणसे, मोटारसायकली, भाजीच्या पाट्या, कधी शेळ्या, सगळे एकत्र. पहिला धडा त्या बोटीतच मिळतो. इथल्या माणसाला दवाखाना असो की मोठे कॉलेज, नदीची परवानगी घ्यावी लागते.

माजुली दरवर्षी झिजते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेटाचे क्षेत्रफळ 1,200 चौरस किलोमीटरहून अधिक होते, आज ते त्याच्या निम्म्याहूनही कमी उरले आहे. 15 ऑगस्ट 1950 च्या मोठ्या भूकंपानंतर नदीच्या पात्रात प्रचंड गाळ आला, पात्र उचलले गेले आणि काठ कापले जाण्याचा वेग वाढला. अनेक सत्रांना, म्हणजे वैष्णव मठांना, आपली जुनी जागा सोडून दुसरीकडे जावे लागले. शेत वाहून गेले म्हणजे पीक गेले असे आपण समजतो. इथे खुद्द जमीनच जाते. सातबाऱ्यावर नाव असलेला तुकडा नदीच्या मध्यभागी असतो, अशी आपल्याकडे कल्पना करून पाहा.

इथे साधारण जून ते सप्टेंबर पूर असतो. विद्यार्थी मात्र बहुधा डिसेंबर-जानेवारीत जातात, म्हणजे पाणी उतरलेले, आकाश निरभ्र, सरसूची शेते पिवळी. दुःख त्या दिवसांत दिसत नाही, ते भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेत असते. ही रेषा वाचायला शिकणे हा तिथला पहिला अभ्यास. घराचे जोते किती उंच आहे, हातपंप ओट्यावर आहे की जमिनीलगत, धान्याची कणगी कुठे टांगली आहे, गुरे पुरात कुठे नेतात, हे विचारत एक दिवस नुसते गावात फिरावे. मिसिंग समाजाची घरे खांबांवर उभी असतात, त्यांना चांग घर म्हणतात. वर माणसे राहतात, खाली हातमाग, लाकूडफाटा, डुकरे-कोंबड्या. शहरातून गेलेल्या मुलाला ते आधी 'गरिबीचे घर' वाटते. पुराच्या देशात त्याहून शहाणे घर कोणते, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळू लागते.

मग काम काय करावे? गटांच्या यादीत वृक्षारोपण पहिले असते. हिवाळ्यात ते बहुधा निरर्थक ठरते. पाऊस चार महिने दूर असतो, गुरे मोकळी असतात आणि लावणारे आठव्या दिवशी बोटीत बसलेले असतात. याच परिसरातले जादव पायेंग यांनी 1979 पासून कोकिलामुखजवळच्या ओसाड वाळूवर झाडे लावायला सुरुवात केली. दशकांनंतर तिथे काही शे हेक्टरचे जंगल उभे राहिले, हत्ती येऊ लागले. 2015 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या शेजारच्या बेटावर जाऊन शंभर रोपांसह छायाचित्र काढण्याआधी आपण जरा अडखळावे.

त्या दिवसांत करण्यासारखी कामे असतात, पण ती दिसायला साधी असतात. हातपंपाचा ओटा पुराच्या रेषेच्या वर नेणे. घराच्या किंवा शाळेच्या जोत्यावर मातीची भर टाकणे. शौचालय उंचावर घेणे. यात मुलांनी घमेली उचलावीत, वाळू वाहावी, विटा भिजवाव्यात. बांधकाम मात्र गावच्याच गवंड्याच्या हाताने व्हावे आणि त्याची मजुरी गटाने द्यावी. आपण फुकट राबलो आणि गावातल्या गवंड्याचा आठ दिवसांचा रोजगार बुडाला, तर त्या कामाला सेवा कसे म्हणावे?

आणखी एक गोष्ट, थोडी कडक भाषेत सांगतो. माजुलीला जुने कपडे घेऊन जाऊ नयेत. मिसिंग आणि आसामी घरांत हातमाग असतो. तिथल्या स्त्रिया विणतात ते गामोसे आणि मेखला पाहिल्यावर आपल्या पिशवीतले वापरलेले टी-शर्ट बाहेर काढायची हिंमत होऊ नये. पुरात सगळे वाहून गेलेले असते तेव्हा कपडे लागतात, ते वेगळे, आणि तेव्हाही गावाला विचारूनच पाठवावेत.

नामघरात बसताना

आपल्या मंडळातल्या मुलांना माजुलीत सर्वांत जवळचे वाटेल ते नामघर. शंकरदेवांनी आणि त्यांचे शिष्य माधवदेव यांनी रुजवलेल्या नामधर्मात नामस्मरण आणि कीर्तन हेच केंद्र आहे. वारकरी घरातल्या मुलाला टाळांचा आवाज ऐकताच पंढरपूर आठवेल. बहुतेक नामघरांत मात्र मूर्ती नसते. मणिकूट म्हणजे गाभारा, तिथे सिंहासनावर ग्रंथ असतो. मुले मूर्ती शोधत राहतात आणि मग विचारतात, "देव कुठे आहे?" गावचा एखादा म्हातारा शांतपणे पोथीकडे बोट दाखवतो. त्या क्षणी अनेक पाने वाचून होणार नाही एवढा अभ्यास होतो. काही सत्रांत मूर्तीही आहेत, जसे आउनियाती सत्रात गोविंदाची. म्हणून 'आसामी वैष्णव मूर्ती मानत नाहीत' असे एका वाक्यात घरी येऊन सांगू नये.

नामघर केवळ प्रार्थनेची जागा नाही. गावाच्या बैठका तिथे होतात, भांडणे तिथे मिटतात, भाओना म्हणजे धार्मिक नाटक तिथेच होते. सामागुरी सत्रात या नाटकांसाठी बांबू, माती, शेण आणि कापड यांचे मुखवटे घडवतात. तिथले हेमचंद्र गोस्वामी यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली आणि 2024 मध्ये माजुलीच्या मुखवट्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. सत्रांमध्ये शतकानुशतके चाललेले सत्रीया नृत्य 2000 साली शास्त्रीय नृत्यांत गणले गेले. या गोष्टी जाण्याआधी वाचून जाव्यात. कलाकाराला "हे काय आहे?" असे विचारणे आणि "या मुखवट्याचा जबडा हलतो तो कसा जोडता?" असे विचारणे, यात त्याच्या चेहऱ्यावर फरक पडतो.

शिस्तीच्या दोन गोष्टी आधीच ठरवाव्यात. मणिकुटाची छायाचित्रे न विचारता काढू नयेत. काही ठिकाणी स्त्रियांच्या प्रवेशाचे नियम वेगळे आहेत आणि काही सत्रांत बाहेरच्या माणसाने भक्तांना स्पर्श करू नये असेही असते. गटातल्या मुलींना हे घरूनच सांगावे आणि त्यावर मंडळात मोकळी चर्चा व्हावी. कोणाला ते पटणार नाही, तिने तसे म्हणावे. दारात पोचल्यावर ऐनवेळी तिला बाजूला उभे करणे हा तिचाही अपमान आहे आणि यजमानांचीही पंचाईत.

भाषेचा अभ्यास इथून सुरू करता येतो. इंदूर, वडोदरा, हैदराबाद इथल्या मराठी घरांतली मुले घरी एक आणि रस्त्यावर दुसरी भाषा बोलतच वाढतात, त्यांना हे जड नाही. आसामीत 'भाल ने?' म्हणजे बरे आहात ना, 'आहक' म्हणजे या, 'बहक' म्हणजे बसा. थोरल्या बहिणीसारख्या स्त्रीला 'बाइदेउ', आजीला 'आइता'. आपला 'स' तिथे घशातून येणारा, 'ख' आणि 'ह' यांच्या मधला काहीतरी होतो, त्यामुळे 'सत्र' पहिल्यांदा ओळखूच येत नाही. मुले चुकतील, गावची पोरे हसतील. हसू द्यावे. मिसिंग लोकांची भाषा पुन्हा वेगळी आहे, हेही लक्षात ठेवावे. सगळ्या माजुलीला एकाच 'आसामी' शब्दात बसवले की अर्धे बेट आपल्या नजरेतून सुटते.

ताटातला प्रश्न

आपल्या परिवारातले बहुतेक जण शाकाहारी आहेत, मद्य घेत नाहीत. मिसिंग घरात पाहुणा आला की तांदळाची बनवलेली आपोंग पुढे येते. सणाला, आदराने, आपुलकीने. डुकराचे मांसही असते. इथे गटाची खरी परीक्षा होते, आणि ती दोन्ही बाजूंनी होते.

आपला नियम मोडू नये. पण तो नियम आपला आहे, यजमानाचा नाही. हात जोडून, हसून, "आमच्या गुरुपरंपरेत आम्ही घेत नाही, आम्हाला भात-डाळ आणि तुमच्या परसातली भाजी द्या" एवढे म्हणावे. नाक मुरडू नये, भांडे दूर सरकवू नये, आणि मुख्य म्हणजे त्याच अंगणात बसून व्यसनमुक्तीवर प्रवचन देऊ नये. ज्या समाजात ते पेय पूर्वजांना अर्पण केले जाते त्या समाजातल्या आजीला आपण पाच मिनिटांच्या ओळखीवर काय शिकवणार? दारूने घरे उद्ध्वस्त होतात हे आपण आपल्या शहरातल्या वस्तीत रोज पाहतो. तिथे जाऊन बोलावे, तिथे आपल्याला तो अधिकार थोडातरी मिळालेला असेल.

याबद्दल काही ज्येष्ठ साधकांचे मत वेगळे आहे. त्यांना वाटते, अशा घरी मुलांना उतरवूच नये, सत्राच्या अतिथिगृहातच ठेवावे. लहान वयाच्या गटासाठी ते ठीक आहे. महाविद्यालयीन मुलांसाठी मात्र मला ते पटत नाही. ज्याच्या घरी आपण पाणीही पिणार नाही, त्याच्या हातपंपाचा ओटा बांधून त्याच्याशी कोणते नाते जुळणार?

हिशेबाची वही

आता एक अवघड गोष्ट. समजा 20 जणांचा गट जातो आणि रेल्वे, बस, बोट मिळून जाण्या-येण्याला माणशी 4,000 रुपये लागतात. म्हणजे 80,000 रुपये फक्त प्रवासाला. मुले पाच दिवस रोज चार तास काम करतात. एकूण 400 तास, म्हणजे आठ तासांचे 50 रोज. रोजंदारी 400 रुपये धरली तर 20,000 रुपयांचे काम झाले, आणि सवय नसलेल्या हातांचे काम निम्मे धरले तर 10,000 चे. हे गणित प्रत्येक गटाने आपल्या खऱ्या आकड्यांनी जाण्याआधी एकदा मांडावे.

कोणी म्हणेल, मग 80,000 रुपये सरळ गावाला पाठवावेत. हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो उडवून लावू नये. पूर आलेला असेल, औषधे-ताडपत्री हवी असेल, तर खरोखर पैसेच पाठवावेत, मुले पाठवू नयेत. त्या वेळी वीस पाहुण्यांची सोय करणे हे गावावर दुसरे संकट असते.

पण इतर वेळी या गणितातून एवढेच सिद्ध होते की आपल्या श्रमाच्या किमतीसाठी आपण जात नाही. आपण शिकायला जातो, आणि शिकवणारे गाव आहे. हे एकदा मनाशी मान्य केले की वागणे आपोआप बदलते. राहण्या-जेवणाचे पैसे आपण द्यायचे, कारण विद्यार्थ्याने गुरुगृही काही अर्पण करायचे असते. गामोसा विकत घेताना घासाघीस करायची नाही. 'आम्ही त्यांच्यासाठी काय केले' या शीर्षकाचा अहवाल लिहायचा नाही. श्रमदान तरीही करायचे, मनापासून, घाम गाळून. खांद्याला खांदा लावून माती वाहिल्याशिवाय माणूस आपल्याशी नीट बोलत नाही. 1934 च्या बिहार भूकंपानंतर स्वित्झर्लंडचे पिएर सेरेसोल मोजक्या सोबत्यांना घेऊन तिथे आले आणि गावे नव्याने वसवण्याच्या कामात गावकऱ्यांबरोबर स्वतः राबले. ते इंजिनिअर होते, आराखडे काढून निघून जाता आले असते. युरोपात पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी उभ्या केलेल्या सेवादलाची कल्पनाच ही होती की कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांच्या तरुणांनी एकाच खड्ड्यात फावडे चालवावे.

आपल्या देशातल्या महाविद्यालयांना ही कल्पना नवी नाही. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिचे सात दिवसांचे शिबिर आपल्यापैकी कित्येकांनी केले असेल. त्या योजनेत गाव दत्तक घेतले जाते आणि तिथे वर्षानुवर्षे जायचे असते, हा तिचा सर्वांत चांगला भाग. प्रत्यक्षात अनेकदा गाव बदलत राहते. आपल्या मंडळांनी निदान पाच वर्षे एकाच गावी जायचे ठरवावे. मुले बदलतील, गाव बदलू नये. दर वर्षी आधीच्या गटातले दोघे तरी नव्यांबरोबर असावेत.

मंडळात करायचा अभ्यास

जाण्याआधी तीन बैठका तरी घ्याव्यात. पहिल्या बैठकीत गावाशी फोनवर बोलणाऱ्याने सांगावे की गावाने नेमके काय मागितले, त्यांच्या शब्दांत, आपल्या शब्दांत नव्हे. गावाने काहीच मागितले नसेल तर तसेही सांगावे. दुसऱ्या बैठकीत प्रत्येकाने तिथल्या एका गोष्टीचा अभ्यास करून दहा मिनिटे बोलावे. नदी, नामघर, हातमाग, चांग घर, भाषा, कोणतीही. तिसऱ्या बैठकीत प्रत्येकाने स्वतःला विचारायचे की मी का जातो आहे, आणि उत्तर वहीत लिहून ठेवायचे. 'इंटर्नशिपच्या अर्जात लिहायला' असे खरे उत्तर असेल तर तेही लिहावे. असे उत्तर लिहिणारा मुलगा पुढे सर्वांत चांगला कार्यकर्ता निघाल्याची उदाहरणे आहेत, आणि गोड उत्तर लिहिणारा तिसऱ्या दिवशी वायफाय शोधत फिरल्याचीही.

तिथे असताना रोज संध्याकाळी सामूहिक प्रार्थनेनंतर अर्धा तास बसावे. आज मी काय शिकलो, कोणाकडून, त्यांचे नाव काय? नाव आठवले नाही तर दुसऱ्या दिवशी जाऊन विचारावे. शेवटच्या संध्याकाळी निरोप समारंभ गावावर सोपवू नये. गाव गामोसा घालून निरोप देतेच, ती त्यांची रीत आहे. गटाने त्याआधी गावच्या मंडळींसमोर बसून खर्चाचा पूर्ण हिशेब वाचून दाखवावा. किती आले, किती गेले, किती उरले आणि उरलेले कोणाच्या हाती दिले.

परतल्यानंतरचे काम जुलैत असते. तोवर नवे सत्र सुरू झालेले असते, प्रवेशांची धावपळ असते, सहलीचे फोटो मागे पडलेले असतात. ब्रह्मपुत्रेचे पाणी त्याच सुमारास चढू लागते. ज्या घरी मुले राहिली त्या प्रत्येक घरी एकाने तरी फोन करावा. पाणी कुठपर्यंत आले, माणसे आणि गुरे कुठे आहेत, हातपंपाचा ओटा पाण्याच्या वर राहिला का, हे विचारावे. राहिला नसेल तर किती विटांनी कमी पडला ते नीट लिहून घ्यावे आणि ती वही पुढच्या डिसेंबरच्या गटाच्या हाती द्यावी.